पालकांची सही कुठून आणायची?

अमेरिकेत कॉलेजच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारची मदत हवी असेल, तर विद्यार्थ्याला दरवर्षी एक अर्ज भरावा लागतो. फॅफ्सा या नावाने तो घरोघरी ठाऊक आहे. गरीब विद्यार्थ्यांना मिळणारे पेल अनुदान, सरकारी कर्ज, कॉलेजातच काम करून मिळणारा पगार आणि बहुतेक राज्यांच्या शिष्यवृत्त्या या सगळ्याची सुरुवात या अर्जापासून होते. त्यातला मोठा भाग आईवडिलांविषयी असतो: त्यांचे उत्पन्न, त्यांनी भरलेला कर, त्यांची शिल्लक, घरात खाणारी तोंडे, आणि शेवटी त्यांची सही. आईवडील पाठीशी असलेल्या मुलाला यात काही वावगे वाटत नाही. पण जिला सतराव्या वर्षी घराबाहेर काढले आणि जी मैत्रिणीच्या घरी दिवस काढते आहे, ती मुलगी ही सही कुठून आणणार? फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारने नेमून दिलेल्या परक्या कुटुंबांत एकामागून एक घर बदलत वाढलेला मुलगा कोणाचे उत्पन्न लिहिणार? अमेरिकी कायद्याने या मुलांची दखल टप्प्याटप्प्याने घेतली, आणि त्याला अनेक दशके लागली. त्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. अशा मुलांना हक्क देणारे कलम लिहून काम संपत नाही. किती मुलांनी अर्ज केला, किती अडकली आणि किती पुढे गेली, याचा हिशेब लोकांसमोर मांडला गेला तेव्हाच त्या कलमातल्या त्रुटी दिसल्या आणि दुरुस्त झाल्या. म्हणून ही जाहीर मोजणी हक्काचाच भाग मानली पाहिजे, हे या लेखाचे म्हणणे आहे.

पालकांच्या उत्पन्नावर मदत ठरवण्याची पद्धत सरकारी कायद्याच्याही आधीची आहे. १९५४ साली कॉलेज बोर्डाने कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस सुरू केली. निरनिराळ्या कॉलेजांनी शिष्यवृत्ती देताना गरज एकाच मापाने मोजावी, हा तिचा हेतू होता, आणि तिचा मुख्य कागद म्हणजे पालकांनी गोपनीयतेच्या हमीवर भरून द्यायचे विवरणपत्र. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या सॅन मार्कोस इथे, ज्या कॉलेजात ते स्वतः शिकले तिथेच, उच्च शिक्षण कायद्यावर सही केली. केंद्राची मदत आता लाखो विद्यार्थ्यांपर्यंत जाणार होती. १९७२ मध्ये थेट विद्यार्थ्याला मिळणारे मूलभूत अनुदान आले, आणि १९८० मध्ये त्याला ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांचे नाव मिळाले. या सगळ्याच्या मुळाशी एक साधे तत्त्व होते: मुलाच्या शिक्षणाचा भार आधी कुटुंबाने उचलावा, कमी पडेल तेवढे सरकारने द्यावे. हे तत्त्व चुकीचे नव्हते. सधन घरातल्या मुलाने स्वतःला निराधार म्हणवून करदात्यांचे पैसे घेऊ नयेत, ही काळजी रास्तच होती. पण आपण ज्यांच्यासाठी नियम करतो आहोत, त्या प्रत्येकाच्या मागे घर आहे, असे नियम करणाऱ्यांनी न बोलता धरून चालले होते.

ज्यांचे पालक मरण पावले होते, त्यांच्याकडे मात्र सरकारचे लक्ष लवकर गेले. १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांच्या काळात युद्धात वडील गमावलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र कायदा झाला. १९६५ मध्ये सोशल सिक्युरिटी या सरकारी विमा योजनेच्या नियमांत बदल होऊन मृत, अपंग किंवा निवृत्त कामगारांच्या मुलांना, ती पूर्णवेळ शिकत असतील तर, बावीस वर्षांपर्यंत मासिक रक्कम मिळू लागली. १९८१ साली रेगन सरकारच्या काळात खर्च कमी करण्याच्या कायद्यात ही सोय मोडीत निघाली. पुढे अर्थशास्त्रज्ञ सुझन डायनार्स्की यांनी याच बदलाचा अभ्यास केला. वडील वारलेल्या मुलांचे कॉलेजात जाण्याचे प्रमाण ही रक्कम बंद होण्याआधी किती होते आणि नंतर किती झाले, याची तुलना त्यांनी इतर मुलांशी केली. एक हजार डॉलरच्या अनुदानामागे कॉलेजात जाण्याची शक्यता सुमारे चार टक्के अंकांनी वाढते, हा त्यांचा निष्कर्ष शिक्षणाच्या अर्थशास्त्रात आजही आधाराला घेतला जातो. मदतीने फरक पडतो, हे त्यातून सिद्ध झाले. पण हा अभ्यास मुळात शक्य झाला तो पाहणीच्या नोंदीत वडिलांच्या मृत्यूचा रकाना होता म्हणून. मृत्यूचा दाखला मिळतो. आई व्यसनात बुडालेली आहे, वडील तुरुंगात आहेत, सावत्र बापाच्या मारहाणीमुळे घर सोडावे लागले, याचा दाखला कोणत्याही कचेरीत मिळत नाही. त्यामुळे ज्या अनाथपणाला कागद होता तो दिसला, आणि ज्याला कागद नव्हता तो पुढची अनेक वर्षे नजरेआड राहिला.

१९८६ साली उच्च शिक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन 'स्वतंत्र विद्यार्थी' कोण, याची व्याख्या ठरली. ज्याच्या अर्जात पालकांची माहिती लागत नाही, तो स्वतंत्र. वय चोवीस पूर्ण असलेला, माजी सैनिक, विवाहित, स्वतःवर अवलंबून माणसे असलेला, अनाथ किंवा न्यायालयाच्या ताब्यात असलेला, अशी ती यादी होती. स्वतःच्या कमाईवर जगत असल्याचे दाखवून स्वतंत्र ठरण्याचाही एक मार्ग होता. १९९२ च्या दुरुस्तीने तो बंद केला, आणि त्याच दुरुस्तीतून विनाशुल्क भरायचा आजचा फॅफ्सा जन्माला आला. नियम सुटसुटीत झाले, पण एक मोठा गट कात्रीत सापडला. ज्यांचे पालक हयात आहेत पण कुठे आहेत ते ठाऊक नाही, किंवा ठाऊक आहे पण त्यांच्याकडे परत जाणे जिवावर बेतेल, अशा अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना यादीत जागाच नव्हती. त्यांच्यासाठी एकच पळवाट ठेवली होती: कॉलेजच्या मदत-विभागातला अधिकारी आपल्या अधिकारात अपवाद करू शकत असे. तो सहृदय असेल तर काम होई, नसेल तर अर्ज अपूर्ण म्हणून पडून राही. या पडून राहिलेल्या अर्जांची वेगळी नोंद ठेवणारा रकाना नव्हता. कायद्याच्या लेखी ती मुले पालकांवर अवलंबूनच होती.

याच काळात शाळांच्या बाजूने मात्र वेगळा इतिहास घडत होता. ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या शहरांत बेघर कुटुंबे डोळ्यांत भरण्याइतकी वाढली, आणि २२ जुलै १९८७ रोजी मॅकिनी कायदा झाला. पुढे २००० मध्ये मिनेसोटाचे प्रतिनिधी ब्रूस व्हेंटो यांचे नाव जोडून तो मॅकिनी-व्हेंटो कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. राहण्याचा पत्ता नाही म्हणून मुलाला शाळेत घेणार नाही, असे म्हणण्याची सोय या कायद्याने आणि त्याच्या दुरुस्त्यांनी काढून घेतली. बेघर म्हणजे फुटपाथवर झोपणारा, एवढीच समजूत त्याने ठेवली नाही. रात्री राहायला कायमची, रोजची आणि पुरेशी जागा नसलेले प्रत्येक मूल त्यात धरले: मोटेलमध्ये राहणारे, गाडीत झोपणारे, घर गेल्यामुळे नातेवाइकांच्या बैठकीच्या खोलीत पथारी पसरणारे. २००२ पासून प्रत्येक शाळा-जिल्ह्याला अशा मुलांसाठी एक संपर्क अधिकारी नेमावा लागला. त्यांची संख्या कळवणे राज्यांवर आले आणि ती प्रसिद्ध होऊ लागली. २०१७-१८ या वर्षी सरकारी शाळांतल्या बेघर मुलांचा आकडा पंधरा लाखांवर गेला. त्यांतली जवळजवळ तीन चतुर्थांश मुले दुसऱ्यांच्या घरात आसरा घेऊन होती, आणि सुमारे १ लाख २९ हजार मुले कोणत्याही पालकाविना एकटी राहत होती. ही मुले रस्त्यावर दिसत नाहीत, शेजारच्या घरात असतात, हे देशाला या आकड्यांनी दाखवून दिले. शाळेत हक्क आणि मोजणी हातात हात घालून चालली. बारावी संपली की त्याच मुलाचा हक्कही संपत होता आणि नोंदही.

ही दरी बुजवायला सुरुवात केली २००७ च्या कॉलेज खर्चकपात आणि प्रवेश कायद्याने. २७ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यावर सही केली. वयाच्या तेराव्या वर्षानंतर कधीही फॉस्टर केअरमध्ये राहिलेली, अनाथ झालेली किंवा न्यायालयाच्या ताब्यात असलेली व्यक्ती, तसेच पालकांविना राहणारे बेघर तरुण, आणि बेघर होण्याच्या उंबरठ्यावर असलेले पण स्वतःच्या पायावर जगणारे तरुण यांना कायद्याने स्वतंत्र विद्यार्थी मानले. २००९-१० च्या अर्जात हे बदल उतरले. छापील अर्जात बेघर मुलांसाठी तीन प्रश्न आले, आणि त्यांची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. तुम्ही बेघर आहात का, असे ते विचारत नव्हते. तुमच्या शाळेने किंवा शाळा-जिल्ह्याच्या संपर्क अधिकाऱ्याने तुम्हाला पालकांविना राहणारे बेघर तरुण ठरवले आहे का, हा पहिला प्रश्न होता. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याच्या पैशावर चालणाऱ्या निवाऱ्याच्या संचालकाने ठरवले आहे का, हा दुसरा. घर सोडून आलेल्या मुलांसाठी चालणाऱ्या केंद्राच्या संचालकाने ठरवले आहे का, हा तिसरा. म्हणजे मुलाची अवस्था काय आहे याआधी, ती कोणत्या अधिकाऱ्याला कळली आहे, हे विचारले जात होते. जी मुलगी निवाऱ्यात कधी गेलीच नाही आणि जिच्या शाळेत संपर्क अधिकारी नावापुरता होता, तिने खरे उत्तर दिले तर ते तिन्ही ठिकाणी 'नाही' असेच येणार. मग तिला पुन्हा मदत-विभागाच्या खिडकीशी जाऊन आपली कहाणी सांगावी लागे, आणि ती पटवून द्यावी लागे. वयाचाही घोळ होता. चोविसाव्या वर्षी प्रत्येक जण आपोआप स्वतंत्र ठरतो, पण 'तरुण' या शब्दाचा अर्थ एकवीस वर्षांपर्यंत लावला गेल्यामुळे बावीस-तेवीस वर्षांचे बेघर विद्यार्थी मधल्या फटीत पडत. २०१५ मध्ये शिक्षण खात्याने पत्रक काढून याबाबत खुलासा केला.

या त्रुटी लक्षात कशा आल्या? त्यांत आकड्यांचा वाटा मोठा होता. २०१२-१३ या वर्षीच्या फॅफ्सा अर्जांत ५८ हजारांहून अधिक अर्जदार बेघर म्हणून नोंदले गेल्याचे जाहीर झाले, तेव्हा ही बातमी देशभरच्या वर्तमानपत्रांत आली. कॉलेजात शिकणारा विद्यार्थी बेघर असू शकतो, ही कल्पनाच अनेकांना नवी होती. हा आकडा एकीकडे मोठा वाटत होता आणि दुसरीकडे फारच लहान. त्या वर्षी फॅफ्सा भरणारे दोन कोटींच्या घरात होते. शाळांत बेघर मुलांची संख्या दहा लाखांवर असताना कॉलेजच्या दाराशी ती इतकी कशी घटते? मुले कॉलेजपर्यंत पोचतच नाहीत, की पोचतात पण अर्जात आपली अवस्था नोंदवू शकत नाहीत? हे प्रश्न आकडा समोर आल्याशिवाय कोणी विचारले नसते. २०१६ च्या मे महिन्यात अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने बेघर आणि फॉस्टर केअरमधल्या तरुणांना मिळणाऱ्या शैक्षणिक मदतीवर अहवाल दिला. कॉलेजात पाऊल ठेवल्यावर सहा वर्षांनीही फॉस्टर केअरमधून आलेल्या सुमारे ७२ टक्के विद्यार्थ्यांच्या हाती पदवी किंवा प्रमाणपत्र नव्हते. फॉस्टर केअरशी संबंध नसलेल्या विद्यार्थ्यांत हे प्रमाण ४९ टक्के होते. बेघर विद्यार्थ्यांबद्दल मात्र असे चित्र मांडण्याइतकी माहितीच उपलब्ध नाही, हेही अहवालाने नोंदवले. दरवर्षी नव्याने बेघरपणा सिद्ध करायला लावणे, कागदपत्रांचा आग्रह, मदतीची माहिती विखुरलेली असणे, या अडचणी त्याने एकेक करून मांडल्या. फॉस्टर केअरमधल्या मुलांचा प्रश्न आकड्यांत मांडता आला, बेघर मुलांचा आला नाही, आणि तोच फरक त्या अहवालातली सर्वांत बोलकी गोष्ट ठरला.

फॉस्टर केअरच्या मुलांची मोजणी तरी आपोआप झाली होती का? नाही. शाळेच्या दप्तरात मूल शिकते आहे एवढे कळे, बालकल्याण खात्याच्या दप्तरात ते कोणाच्या घरी ठेवले आहे एवढे कळे, आणि दोन्ही दप्तरे एकमेकांना दिसत नसत. १९७४ च्या शैक्षणिक गोपनीयता कायद्यानुसार मुलाची शालेय नोंद पालकांच्या संमतीशिवाय दुसऱ्या कोणाला देता येत नव्हती, आणि जे मूल पालकांपासून काढूनच घेतले आहे त्याची संमती कोणाकडून आणणार, हा पेच होता. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने कायदा दुरुस्त करून बालकल्याण खात्याला ही नोंद पाहण्याची मुभा दिली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात वेस्टएड या संशोधन संस्थेच्या अभ्यासात दोन्ही दप्तरे जोडून पाहिली गेली. २००९-१० मध्ये राज्यातले ८४ टक्के विद्यार्थी बारावी उत्तीर्ण होत असताना फॉस्टर केअरमधल्या मुलांत हे प्रमाण ५८ टक्के होते. ही मुले गरीब मुलांच्या सरासरीत मिसळून गेली होती. वेगळी काढून पाहिल्यावर त्यांची घसरण गरीब मुलांहूनही जास्त असल्याचे दिसले. त्याच २०१३ साली राज्याने शाळांच्या निधीवाटपाचे नवे सूत्र आणले, आणि त्यात फॉस्टर केअरमधल्या मुलांचा वेगळा गट धरून त्यांच्या प्रगतीचा जाब जिल्ह्यांना विचारायला सुरुवात केली. पुढे तिथल्या जॉन बर्टन ॲडव्होकेट्स फॉर यूथ या संस्थेने त्या त्या भागातल्या फॉस्टर केअरमधल्या बारावीच्या किती मुलांनी फॅफ्सा पूर्ण भरला, हे मोजण्याचीच मोहीम केली. आपल्या भागातली किती मुले मागे राहिली, हे कळल्यावर त्या मुलांसोबत बसून अर्ज भरून घेणारी माणसे उभी राहतात. आकड्याचे हे सर्वांत साधे आणि सर्वांत उपयोगी काम आहे.

सिनेटर पॅटी मरे आणि प्रतिनिधी कॅथरीन क्लार्क यांनी बेघर आणि फॉस्टर केअरमधल्या विद्यार्थ्यांसाठी विधेयक आणले, आणि त्यातल्या अनेक सुधारणा अखेर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या फॅफ्सा सुलभीकरण कायद्यात आल्या. एकदा स्वतंत्र ठरलेल्या विद्यार्थ्याने त्याच कॉलेजात दरवर्षी तेच सिद्ध करत बसू नये, असे ठरले. दाखला देऊ शकणाऱ्यांची यादी वाढली. कोणाचाच दाखला नसेल तर मदत-विभागाने विद्यार्थ्याचे लेखी निवेदन किंवा मुलाखत यांवरून निर्णय करायचा, टाळाटाळ करायची नाही, हे बंधन आले. अर्जांची आकडेवारी नियमितपणे जाहीर करण्याची जबाबदारीही याच कायद्याने शिक्षण खात्यावर टाकली. आणि नव्या अर्जात प्रश्नाचा क्रम उलटला: तुम्ही पालकांविना राहत होता का, आणि बेघर किंवा बेघर होण्याच्या बेतात होता का, हे आधी विचारले जाते. ते कोणी ठरवले, हे त्यानंतर. क्रमातला हा बदल वरवर किरकोळ वाटेल, पण त्यामुळे ज्याच्याकडे दाखला नाही त्याचे 'हो' पहिल्यांदाच नोंदले जाण्याची सोय झाली. नव्या अर्जाचे पहिले वर्ष मात्र फार वाईट गेले. एरवी १ ऑक्टोबरला खुला होणारा अर्ज डिसेंबर २०२३ च्या अखेरीस खुला झाला, आणि तांत्रिक बिघाडांनी महिनोन्‌महिने खोळंबा झाला. घरी मदत करणारे कोणी असलेल्या मुलांनी ते दिवस कसेबसे निभावले. एकट्या मुलांवर त्याचा भार दुप्पट पडला.

या मोजणीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, कारण त्यांतले काही खरोखर त्या मुलांच्याच काळजीतून येते. पहिला आक्षेप गोपनीयतेचा. जी मुलगी छळ करणाऱ्या घरातून पळाली, तिची नोंद सरकारी आकड्यात जाणे तिला धोक्याचे वाटणार, आणि 'बेघर' हा शिक्का लागू नये म्हणून ती प्रश्नाला उत्तरच देणार नाही. ही भीती खरी आहे. पण तिचे उत्तर मोजणी कशी करावी यात आहे. राज्यवार किंवा कॉलेजवार एकत्रित आकडा जाहीर करताना एकही नाव बाहेर येत नाही, आणि जिथे संख्या इतकी लहान असेल की माणूस ओळखू येईल तिथे तो आकडा झाकून ठेवण्याची पद्धत शिक्षणाच्या आकडेवारीत रुळलेली आहे. उलट गोपनीयतेच्या नावाखाली दप्तरे बंद ठेवली तर काय होते, हे फॉस्टर केअरच्या मुलांनी १९७४ पासून २०१३ पर्यंत भोगले. पालकांच्या हक्कासाठी केलेला नियम पालक नसलेल्या मुलांच्या आड आला. शिक्क्याबद्दल म्हणायचे तर, आपल्यासारखे हजारो विद्यार्थी आहेत हे कळल्यावर एकट्या मुलाला वाटणारी लाज कमी होण्याचीच शक्यता जास्त.

दुसरा आक्षेप जास्त अभ्यासू लोक घेतात: हे आकडे मुळातच विश्वासार्ह नाहीत, मग ते जाहीर करून काय साधणार? याला आधारही आहे. २०१९ मध्ये होप सेंटर या संशोधन संस्थेच्या पाहणीत १७ टक्के विद्यार्थी वर्षभरात कधीतरी बेघर होते असे आले, पण तिला उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण कमी होते. ज्यांना त्रास आहे तेच उत्तर द्यायला पुढे येतात, अशी टीका तिच्यावर झाली. केंद्राच्या २०२० च्या राष्ट्रीय विद्यार्थी-मदत पाहणीत आधीच्या तीस दिवसांत बेघर असलेल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे ८ टक्के आले. फॅफ्सातला ५८ हजारांचा आकडा मात्र एकूण अर्जांच्या अर्ध्या टक्क्याचाही नाही. तिन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. फॅफ्सा पालकांविना राहणाऱ्या, चोविशीच्या आतल्या तरुणांना विचारतो, बाकीच्या पाहण्या सर्व वयांच्या विद्यार्थ्यांना. पण ही तुलना आपण करू शकतो ती तिन्ही आकडे उघड्यावर आहेत म्हणूनच. सरकारी पाहणीने बेघरपणाचा प्रश्न स्वतःहून विचारावा हा आग्रह खासगी पाहण्यांच्या वादातून बळावला, आणि ८ टक्क्यांचा आकडा आल्यावर दोन्ही बाजूंना आपली मते तपासावी लागली. कपाटात ठेवलेला आकडा कधीच दुरुस्त होत नाही.

तिसरा आक्षेप गैरवापराचा. बेघर म्हणवून घेतले की पालकांचे उत्पन्न दाखवावे लागत नाही, असे कळले तर खाऊनपिऊन सुखी घरातली मुलेही तसे लिहितील, आणि मोजणीचा गाजावाजा अशांना वाटच दाखवेल. पण इतक्या वर्षांच्या आकड्यांनी दाखवलेले चित्र याच्या उलट आहे. बेघर असूनही नोंद न होणाऱ्यांची संख्या मोठी, आणि नोंद झालेल्यांचा गट अगदी लहान. दाखल्याच्या आग्रहाने जे अडवले गेले, ते मुख्यतः खरे बेघरच होते, कारण खोटे लिहिणाऱ्याला कागद जमवणे निवाऱ्यात झोपणाऱ्यापेक्षा सोपे जाते. शिवाय गैरवापर पकडायचा असेल तरी कॉलेजवार आकडाच लागतो. एखाद्या ठिकाणी संख्या एकदम फुगली तर ती जाहीर हिशेबात लगेच दिसते. चौथा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: मोजून कोणाला छप्पर मिळत नाही, तो पैसा आणि वेळ सरळ मदतीवर खर्च करावा. हे तेवढ्यापुरते खरे आहे. एखादे कॉलेज सुट्टीत वसतिगृह बंद करत असेल तर आकड्यांनी त्या पंधरा दिवसांची सोय होत नाही. पण १९८१ साली वडील वारलेल्या मुलांची रक्कम बंद झाली, तेव्हा तिचा परिणाम किती खोल होता हे सिद्ध व्हायला कित्येक वर्षे गेली, आणि तोवर एक पिढी कॉलेजच्या वयातून पुढे निघून गेली. तोटा त्याच वर्षी समोर आला असता, तर त्या पिढीच्या बाजूने बोलायला निदान पुरावा असता. मोजणीवर होणारा खर्च मदतीच्या तुलनेत अगदीच थोडा आहे, आणि त्याच्याशिवाय मदत कुठे पोचली हेच कळत नाही.

आज हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी शिक्षण खात्याने मोठी नोकरकपात जाहीर केली आणि ४,१३३ कर्मचाऱ्यांचे खाते सुमारे २,१८३ वर आले. शैक्षणिक आकडेवारीचे राष्ट्रीय केंद्र तर मूठभर माणसांवर आले. हक्क देणारे कलम कायद्याच्या पुस्तकात तसेच आहे. पण अर्ज मोजणारी, पाहण्या घेणारी, दोन दप्तरे जोडून पाहणारी माणसे नसतील, तर ते कलम पाळले जाते की नाही हे सांगणार कोण? म्हणून या मुलांसाठी बोलणाऱ्यांनी एका आकड्यावर समाधान मानू नये. किती जणांनी आपण पालकांविना बेघर आहोत किंवा फॉस्टर केअरमधून आलो आहोत असे लिहिले, त्यांतल्या किती जणांना कॉलेजने मान्यता दिली, किती जणांच्या हाती प्रत्यक्ष पैसे पडले आणि किती जणांनी शिक्षण पुरे केले, हे चार आकडे राज्यवार आणि कॉलेजवार, दरवर्षी, ठरल्या तारखेला जाहीर झाले पाहिजेत. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यांतले अंतर कॉलेजांच्या मदत-विभागांना जाब विचारेल, तिसऱ्या आणि चौथ्यातले अंतर संसदेला. ज्या मुलांच्या वतीने कॉलेजात चौकशी करायला आईवडील येत नाहीत, त्यांच्या वतीने चौकशी करण्याचे काम समाजाचे आहे, आणि हातात हिशेब असल्याशिवाय समाजाला ते करता येणार नाही.